"भट्टीपुढे उभं राहून अणू दिसत नाहीत": एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात तापलेल्या धातूतल्या रिकाम्या जागांवर लेख टाकला होता. तापवलेल्या मिश्रधातूवर वजन ठेवलं की तो न वितळता, न मोडता दिवसेंदिवस वाकत का जातो, हे त्यात सांगितलं होतं. स्फटिकात अणूंच्या काही जागा रिकाम्या असतात. शेजारचा अणू तिथे सरकतो, मग त्याची जागा रिकामी होते, आणि असं अगणित वेळा घडत धातू आपला आकार सोडतो. उदाहरण एसटीतल्या रिकाम्या सीटचं दिलं होतं. त्यावर परवा रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी "एक धातुशास्त्री, सातारा" अशा सहीने प्रतिक्रिया आली. ती पूर्ण देतो:

"रिकाम्या जागांना तुम्ही खोट म्हणता. त्यांची संख्या तापमानाने ठरते, ओतकामातल्या हलगर्जीपणाने नव्हे. वितळणबिंदूच्या निम्मं तापमान सेल्सिअसमध्ये काढलं आहे, ते केल्विनमध्ये काढतात. निकेल-ॲल्युमिनियमच्या संयुगात घटकांच्या प्रमाणामुळेच जागा रिकाम्या राहतात, त्याचा उल्लेखही नाही. भट्टीपुढे तीस वर्षं उभं राहून अणू दिसत नाहीत. एसटीतल्या सीटच्या गोष्टी सांगून वाचकांना झुलवू नका."

नमस्कार. आपण घातला नाहीत, मी घालतो.

आधी जे मान्य आहे ते. धातू असा वाकायला लागतो तो साधारण वितळणबिंदूच्या निम्म्या तापमानापासून. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याचं निम्मं म्हणून मी ७२७ लिहिलं. निम्मं काढायचं ते केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून: १७२८ चं निम्मं ८६४, आणि ते परत सेल्सिअसमध्ये आणलं की ५९१. चूक माझी, लिहिण्याच्या भरात झाली. शिशाचं उदाहरण घेतलं असतं तर तिथल्या तिथे सापडली असती. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे ६०० केल्विन. निम्मं ३००, म्हणजे आपले २७ अंश. सांगलीच्या मे महिन्यात शिसं बिचारं सावलीतसुद्धा तापलेलंच असतं, म्हणून जुने शिशाचे आडवे नळ स्वतःच्याच वजनाने झोळ खातात. तर ही दुरुस्ती स्वीकारली. १३६ अंशांचा फरक लहान नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा. लेखाचा मुद्दा त्याने तसूभरही हलत नाही.

आता तुमचं पाचवं वाक्य.

पहिलं म्हणजे तीस नव्हे, सत्तावीस वर्षं. मूळ लेखात आकडा दिलेला आहे, तो वाचायचे कष्ट घेतले असते तर बरं झालं असतं. दुसरं, भट्टीपुढे कोणी "उभं" राहत नाही साहेब. ९३० अंशांच्या कार्बुरायझिंग भट्टीचं (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायची भट्टी) दार उघडलं की माणूस तोंड फिरवतो, हातातला आकडा ट्रेच्या कानात अडकवतो, ओढतो आणि बाजूला होतो. उभं राहतात ते बघायला आलेले पाहुणे. त्यातले काही सातारहूनही यायचे.

कुपवाड एमआयडीसीतल्या ज्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मी होतो तिचं नाव घेत नाही. आमचे ट्रे ओतीव मिश्रधातूचे, २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल, बाकी बहुतेक लोखंड. हा धातू १४०० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. तुमच्या केल्विनमध्ये मांडायचं तर ९३० अंशांवर तो वितळणबिंदूच्या साधारण ७२ टक्क्यांवर रोज आठ-आठ तास राबायचा. नवा ट्रे आणला की काचेसारखा सपाट. काही महिन्यांत मधोमध बाक. त्यावर रचलेले गिअर कलायचे, कललेले गिअर तेलात वाकडे बुडायचे आणि वाकडेच कडक व्हायचे. एकदा अख्खा लॉट रिजेक्ट झाला. वरून मेमो आला: कामगारांनी ट्रेवर जादा माल चढवला. सही करायची होती माझी, कारण पाळी माझी.

मी सही केली नाही. पुढचा नवा ट्रे आल्यावर प्रत्येक चार्ज, म्हणजे भट्टीत एका वेळी जाणारा माल, वजनकाट्यावर घातला आणि वहीत मांडला. आठवड्यातून एकदा, भट्टी थंड असताना, ट्रेच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून बाक मोजला. माल ठरल्यापेक्षा एक किलोही जास्त नव्हता. तरी दोन सूत, मग तीन सूत, मग चार. ट्रेमध्ये कार्बनही शिरतो, तेलातल्या झटक्यांनी तो पिळवटतोही, हे मला कोणी शिकवायला नको. कुणाचा वाटा किती, ते माझी दोरी सांगत नव्हती. पण माणसांनी जादा माल चढवला नाही, एवढं तिने नक्की सांगितलं. पुढे तो ट्रे फुटला. फुटला तो ग्रेनच्या, म्हणजे धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या, सीमेसीमेने, कारण ताण सोसणाऱ्या तापलेल्या धातूत रिकाम्या जागा ग्रेनच्या सीमांवर गोळा होऊन बारीक छिद्रं होतात आणि छिद्रांची भेग होते. विमानाच्या इंजिनातली सर्वांत तापणारी पाती एकाच स्फटिकाची ओततात ती याचसाठी, की सीमाच नको. त्यांत तीन टक्क्यांच्या आसपास रेनियम घालतात, कारण तो जड अणू निकेलमध्ये फार सुस्तपणे जागा बदलतो. आमच्या ट्रेला रेनियम परवडलं असतं तर शेडवर सोन्याचे पत्रे असते.

हे सगळं मला कुठून कळलं? वाचून. पाळी संपल्यावर, वाचनालयातून आणलेल्या इंग्रजी पुस्तकातून, शब्दकोश शेजारी ठेवून, चार-चार पानं करत. वही घेऊन ऑफिसात गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, "वाचून शहाणपणा करू नका, भट्टी बघा." आता भट्टी बघून लिहिलं तर तुम्ही म्हणता, उभं राहून काय दिसतं. तेव्हा वाचतो म्हणून बोलणी खाल्ली, आता उभा राहिलो म्हणून. मधल्या काळात माणसाने नक्की कुठे बसायचं, ते एकदा सातारकरांनी ठरवून कळवावं.

आणि "दिसणं" म्हणजे काय हो? अणू मला दिसले नाहीत, कबूल. कर्केंडालला दिसले होते का?

१९४७ साली अर्नेस्ट कर्केंडाल आणि त्यांचा विद्यार्थी स्मिगेल्स्कास यांचा प्रयोग छापून आला. पितळेची कांडी, ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. तिच्या समोरासमोरच्या बाजूंवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या आणि वरून तांब्याचा जाड मुलामा चढवला. मॉलिब्डेनम निवडलं कारण ते पितळेत विरघळत नाही, ठेवलं तिथे खूण म्हणून राहतं. मग ७८५ अंशांवर बरेच दिवस ठेवून अधूनमधून तारांमधलं अंतर मोजलं. जस्त आणि तांबं एकमेकांशी जागेची अदलाबदल करत असते, एकास एक, तर तारा हलायचं कारण नव्हतं. तारा एकमेकींच्या जवळ आल्या. म्हणजे जस्त बाहेर पळत होतं जलद आणि तांबं आत येत होतं हळू. उरलेली तूट भरत होत्या रिकाम्या जागा. त्या काळी बहुतेकांची समजूत अदलाबदलीची होती, आणि रॉबर्ट मेहल यांच्यासारख्या बड्या धातुशास्त्रज्ञाला हे पटेना. पण १९५१ मध्ये मेहल आणि दा सिल्व्हा यांनी स्वतःच्याच प्रयोगांतून त्याला दुजोरा दिला. शंका घ्यावी तर अशी घ्यावी. मेहलसाहेबांनी रात्री पावणेदोनला "झुलवू नका" असं लिहून पाठवलं नव्हतं.

बघा, यात अणू कुठेच दिसलेला नाही. सुटा अणू पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो १९५५ मध्ये, टंगस्टनच्या सुईच्या टोकावर, एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांच्या उपकरणात. कर्केंडाल त्याआधीचे. १९६० मध्ये सिमन्स आणि बालुफी यांनी ॲल्युमिनियमची कांडी तापवून दोन गोष्टी एकदमच मोजल्या: कांडी किती लांबली, आणि क्ष-किरणांनी, अणूंमधलं अंतर किती वाढलं. कांडी जास्त लांबली. मधली तफावत म्हणजे आत तयार झालेल्या नव्या रिकाम्या जागा. वितळायच्या अगदी अलीकडे, दहा हजार जागांमागे सुमारे नऊ. तेही लांबीच मोजत होते. त्यांची दोरी माझ्या दोरीपेक्षा बारीक होती, इतकाच फरक.

(इतकाच नाही, हे मलाही कळतं. रागाच्या भरात लिहिलं, राहू दे.)

एसटीचं म्हणाल तर ते उदाहरण मी मागे घेणार नाही. सांगली-सातारा गाडी खच्चून भरलेली आहे, कराडला पुढच्या बाकावरचे आजोबा उतरले. मागची बाई पुढे सरकली, तिच्या जागी तिच्या मागचा, त्याच्या जागी कॉलेजचं पोरगं. उंब्रज येईस्तोवर रिकामी जागा सगळ्यात मागे पोचलेली असते. सीट चालत गेली नाही, माणसं चालली, उलट्या दिशेने. स्फटिकात नेमकं हेच होतं आणि हे समजायला पदवी लागत नाही. त्या लेखावर एका लेथवाल्या मित्राचा फोन आला, "आता कळलं आमचा ट्रे का बसतो." त्याला मी झुलवलं असेन तर त्याची तक्रार नाही.

आता या उदाहरणाची खरी लंगडी बाजू सांगतो, जी तुम्ही सांगितली नाहीत. एसटीतल्या जागा मोजक्या, धातूतल्या वाढतात. आतला अणू पृष्ठभागावर, ग्रेनच्या सीमेवर किंवा डिस्लोकेशनच्या (स्फटिकातला अणूंचा थर जिथे मधेच तुटतो त्या रेषेच्या) कडेला जाऊन बसतो आणि आत एक खड्डा ठेवून जातो. खड्डा करायला ऊर्जा खर्च होते, पण खड्डे कुठे असावेत याच्या शक्यता इतक्या वाढतात की तापमान चढेल तसा तो खर्च परवडायला लागतो. तांब्यात १००० अंशांवर साधारण साडेतीन हजार जागांमागे एक रिकामी. तेच तांबं खोलीच्या तापमानाला सावकाश निवू दिलं तर हिशोब एकावर पंधरा शून्यं इतक्या जागांमागे जेमतेम एक असा येतो. झटकन पाण्यात बुडवलं तर वरच्या तापमानाच्या बऱ्याच जागा आतच अडकून पडतात. हेच तुमच्या पहिल्या दोन वाक्यांचंही उत्तर. संख्या तापमानाने ठरते, बरोबर आहे, आणि मी त्याउलट कुठेही लिहिलेलं नाही. "ओतताना राहिलेली खोट" असं एक वाक्य लेखात आहे खरं. ते ज्याला तसं वाचायचंच आहे त्याला तसं वाचता येतं. इंग्रजी पुस्तकंही या जागांना "डिफेक्ट" म्हणतात, त्यांनाही एकदा पत्र टाका.

निकेल-ॲल्युमिनियमबद्दल. १९३७ साली ब्रॅडली आणि टेलर यांनी दाखवलं की त्या संयुगात ॲल्युमिनियम निम्म्याहून जास्त झालं की जादा अणू निकेलच्या जागी जाऊन बसत नाहीत, निकेलच्या काही जागाच रिकाम्या राहतात, म्हणून घनताही अपेक्षेपेक्षा खाली येते. या जागा थंड केल्याने जात नाहीत. माहीत आहे मला. माझा लेख ट्रेवर होता आणि आमच्या ट्रेमध्ये ते संयुग नव्हतं. विषय मोठा आहे, वेळ मिळाला तर लिहीन.

बाकी शुद्धलेखनाच्या दोन चुका तुमच्या प्रतिक्रियेत होत्या, त्या मी वर देताना सुधारून घेतल्या आहेत. प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. मूळ लेखात ७२७ खोडून ५९१ केलं आहे आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे. दुरुस्ती कोणी सुचवली तेही लिहिलं असतं, पण नाव तुम्ही दिलेलंच नाही.