ओटीपी आणि आमचा सडा

आली पुन्हा बातमी, 2030 पर्यंत 6जी! येऊ दे बापडं. 5जी सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022ला, पण राजापूरकडच्या आमच्या खालच्या वाडीत अजून रेंजची एक कांडी दिसली तरी सण.

रेशनवर आईचा अंगठा उठत नाही (भात लावून लावून रेषाच झिजल्यात), म्हणून ओटीपी. ओटीपीसाठी मी मोबाइल घेऊन सड्यावर (वाडीच्या वरच्या उघड्या कातळमाळावर). धापा टाकत खाली येईस्तोवर त्याची मुदत संपलेली, नाहीतर मशीनचंच नेटवर्क गेलेलं. दुकानदार म्हणतो, "परत जा वर."

चांद्रयान-3चा सिग्नल पावणेचार लाख किलोमीटरवरून आला हो! आम्ही तो सोहळाही सड्यावर उभं राहूनच बघितला. काल जरा वारा सुटला, लाइट गेली, तेव्हापासून टॉवरही झोपलाय.