पंचबोलला जाऊन स्पीकर कशाला लावता?

पावसाळा लागला की नागपुरातून चिखलदऱ्याला गाड्यांची रांग लागते. जा ना, जरूर जा. पण दरीत उतरून, ओढा ओलांडून, सागाच्या रानातून वर चढत पुन्हा जिथून निघालो तिथेच येणारी ती वाट चालताना पाठीवरच्या सॅकला ब्लूटूथ स्पीकर कशाला लटकवता बे?

चिखलदऱ्याचा पंचबोल पॉईंट आहेच मुळी प्रतिध्वनीसाठी. समोरच्या डोंगरांवर हाक आपटून परत येते, म्हणून लोक तिथे जातात. आणि हे महाशय तिथेच डीजेची गाणी लावून उभे! लहान पोरं हाक मारून कान लावून बसलेली असतात आणि त्यांना परत ऐकू येतो तो नुसता धडधडाट. डोकंच फिरतं.

बरं, हा मेळघाट आहे, १९७३-७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प शेजारी. वानर झाडावरून खोकल्यासारखं ओरडलं की समजायचं, बिबट्या किंवा वाघ जवळपास आहे. चितळही तसंच सांगतं. तुमच्या गोंगाटात हा इशारा आमच्यापर्यंत पोचणार कसा? अळीनं खाऊन जाळी झालेल्या सागाच्या पानांवर पाऊस पडतो, त्याचा आवाजसुद्धा नशिबी नाही.

बंद करा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काका, एन्जॉय करायले आलो न!" अरे, मग आम्ही काय करायला आलो? गाणीच ऐकायची तर कानात इअरफोन घाला, नाही तर नागपुरातच फुटाळा तलावावर बसा, एवढा घाट चढून येऊ नका.