पाणी वळते, माणूस वळत नाही

डोंगरातील पायवाटेची निगा राखणारे स्वयंसेवक निसर्गप्रेमी असतात, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते पाण्याशी उभे वैर धरलेले लोक असतात. पाण्याने वाट आडवी ओलांडावी, तिच्यावरून चालत मात्र जाऊ नये, एवढीच आमची मागणी असते. कारण ते एकदा वाटेने धावू लागले की माती घेऊन जाते आणि चालणाऱ्यांसाठी ओहोळ ठेवून जाते.

यावरील उपाय म्हणून वाटेला दरीच्या बाजूस सुमारे ५ टक्के कल द्यावा लागतो, म्हणजे एक मीटर रुंदीला पाच सेंटीमीटर. कुदळीने हे पाच सेंटीमीटर साधणे किती अवघड असते, हे कुदळ घरी ठेवून येणाऱ्यांना कळणार नाही. आमचे गटप्रमुख कल तपासण्यासाठी वाटेवर चेंडू ठेवतात. तो जागच्या जागी राहिला तर पुन्हा खणायचे; घरंगळत खाली गेला तर काम उत्तम झाले असे समजायचे, आणि मग तो आणायला मी उतरायचे. उत्तम कामाची मला धास्ती बसली आहे ती यामुळे.

विश्रांतीचा विषय काढला की गटप्रमुख अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेलचा दाखला देतात. १९३७ मध्ये पूर्ण झालेली ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर टिकून आहे, हे ऐकल्यावर आपली पाठ दुखते असे म्हणण्याची सोय राहत नाही.

वाटेवर आलेल्या फांद्या छाटणे त्यामानाने सोपे. मात्र छाटलेला पाला नजरेआड टाकून फांद्यांची कापलेली टोके वाटेच्या विरुद्ध दिशेला करावी लागतात. थोडक्यात, एवढे कष्ट केले आहेत हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आणखी कष्ट करायचे असतात.

खरी परीक्षा पाहतो तो माणूस. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, असा संकेत असल्यामुळे आम्ही नागमोडी वळणे राखतो, आणि दोन वळणांमधून सरळ खाली घसरत येणारे गृहस्थ ‘वाट फार लांबवली आहे’ अशी तक्रार आमच्याकडेच करतात. त्यांच्या घसरणीतून पाण्यालाही नवी वाट सापडते. चिखल दिसला की मंडळी बूट वाचवत कडेने जातात, त्यामुळे चिखल आणि वाट दोन्ही रुंदावतात. वास्तविक मधोमध चालत जाणे हेच योग्य. परंतु नवे बूट घातलेल्या माणसाला हे सांगायला जे धैर्य लागते ते आमच्यात फक्त गटप्रमुखांकडे आहे, आणि ते नेमके तेव्हा पुढच्या वळणावर असतात.

अलीकडे आम्ही पाणी बाहेर काढण्यासाठी एक सुबक, तिरका चर खणला. एका परोपकारी सज्जनांनी कोणाचा पाय मुरगळू नये म्हणून तो दगडमातीने काळजीपूर्वक बुजवला, वर चोपून सपाट केला, आणि इतके नेटके काम करणाऱ्याला गटात घ्यावे अशी विनंती केली. गटप्रमुखांनी त्यांना तत्काळ घेतले. तो चर आता तेच खणत आहेत.