"उन्हाळ्यात ट्रकच्या टायरची हवा कमी ठेवा" हा मेसेज पुढं पाठवू नका

गरमी वाढली की हा मेसेज परत फिरायला लागतो, ड्रायव्हर मंडळींच्या आणि गाडीमालकांच्या ग्रुपवर तर कुणी ना कुणी टाकतोच. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: ट्रक-ट्रेलरच्या टायरमध्ये 10 ते 15 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी ठेवा कारण गरमीने हवा फुगते आणि टायर फुटतो, वाटेत टायर तापलेला लागला तर थांबून हवा सोडा, टायरवर लिहिलेल्या मॅक्सिममच्या वर हवा गेली की टायर गेलाच समजा, नायट्रोजन भरला असेल तर बघायचीसुद्धा गरज नाही, एरवी टॉमी (लोखंडी दांडा) मारली की आवाजावरून कळतंच, आणि एखादा बसलेला दिसला तर हवा भरून पुढं निघा. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते हे मान्य, पण हे ऐकून हवा कमी केली तर नेमका तोच टायर फुटतो जो वाचवायचा होता, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, गरमीने हवा फुगते. खरं आहे, प्रेशर वाढतं. किती वाढतं ते बघा. सकाळी 25 अंशांना थंड टायरमध्ये 110 पीएसआय भरले, दुपारी बाहेर 42 अंश झाले आणि गाडी सावलीत उभीच राहिली तर आकडा जातो 117 च्या आसपास. गाडी लोड घेऊन पळाली आणि आतली हवा 65 अंशांपर्यंत तापली तरी होतात साधारण 127. एवढी वाढ टायर बनवतानाच धरलेली असते, कंपनीने जो आकडा दिलाय तो थंड टायरचा आहे, आणि पळाल्यावर तो 10-15 टक्के चढणार हे त्यांना माहीत असतं. नवा धडधाकट ट्रक टायर कामाच्या प्रेशरच्या दुपटीच्याही वर तग धरतो. 17 पीएसआय वाढले म्हणून चांगला टायर फुटत नाही.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते कशाने? बहुतेक वेळा कमी हवेने, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच उलटं आहे. हवा कमी असली की टायरचा खालचा भाग लोडखाली जास्त दबतो, साईडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, आणि ते वाकणं-सरळ होणं प्रत्येक चक्कराला होतं, म्हणजे एका किलोमीटरात तीनशेच्या वर वेळा. तार एकाच जागी वाकवत राहिली की गरम होऊन तुटते, तसंच आतल्या स्टीलच्या तारांचं आणि रबराचं होतं. ही उष्णता टायरच्या पोटातच तयार होते, ऊन फक्त वरून भर घालतं आणि तापलेला रस्ता ती बाहेर पडू देत नाही. शेवटी रबराची तारांवरची पकड सुटते आणि ट्रेड म्हणजे रस्त्याला टेकणारा जाड पट्टा सोलून निघतो. रस्त्यावर टायरच्या त्या लांब लांब पट्ट्या पडलेल्या दिसतात ना, लोक लगेच म्हणतात रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) होता, पण नवे टायरही कमी हवेवर पळवले तर असेच सोलतात. शिवाय हवा कमी म्हणजे भार उचलायची ताकदही कमी. 110 चे 95 केले की टायरची क्षमता साधारण दहा टक्क्यांनी घटते आणि माल तर तेवढाच असतो. वर डिझेल जास्त जातं ते वेगळंच, सगळ्या चाकांत 10 पीएसआय कमी असले तर अर्धा ते एक टक्का, आणि रोज पळणाऱ्या गाडीला वर्षभरात तो लहान आकडा राहत नाही.

आता तापलेल्या टायरची हवा सोडायचा सल्ला, माझ्या मते अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात घातक. वरचंच उदाहरण पुढं नेऊ. 65 अंशांना गेजवर 127 दिसले, ड्रायव्हर घाबरला, सोडून 110 केले. गाडी रात्रभर उभी राहिली, टायर परत 25 अंशांवर आला, तर गेजवर दिसणार 95. म्हणजे 15 पीएसआय कमी घेऊन गाडी सकाळी निघणार, जास्त वाकणार, कालच्यापेक्षा जास्त तापणार, आणि परत कुणीतरी हवा सोडणार. आणि मेसेज पूर्ण पाळला, म्हणजे आधीच 95 वर निघाला आणि वाटेत अजून 15 सोडले, तर सकाळचा आकडा 82 पर्यंत खाली जातो. 110 च्या टायरला 88 च्या खाली पळवलं तर तो 20 टक्क्यांहून जास्त कमी झाला, आणि या धंद्यात तसा टायर बसलेला पळवला असंच धरतात. हवा तपासायची ती थंड टायरची, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. तापलेला टायर दुसऱ्या टायरपेक्षा एकदम वेगळा तापलेला असेल तर थांबा, पण हवा सोडायला नाही, कारण शोधायला. हवा कमी असेल, ब्रेक धरून बसला असेल, बेअरिंग गेलं असेल.

मॅक्सिमम आकड्याबद्दल एवढंच की तो फुटायचा आकडा नाहीच. टायरच्या बाजूला लोड आणि प्रेशर सोबत लिहिलेलं असतं, अर्थ असा की एवढा लोड घ्यायचा तर थंड असताना एवढी हवा पाहिजे. 146/143 हा लोडचा कोड लिहिलेल्या टायरवर एकट्याला 3000 किलो आणि जोडीत असला तर प्रत्येकी 2725 किलो. चालून तापल्यावर गेज त्या प्रेशरच्या वर जाणारच.

नायट्रोजन भरा, काही हरकत नाही. कोरडा असतो, रिम आतून गंजत नाही, हवा जरा हळू गळते. पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. खिळा घुसला किंवा वॉल्वची पिन गळायला लागली तर नायट्रोजनही तेवढाच निघून जातो. चेकिंग चुकत नाही.

टॉमीवर मात्र जास्त बोलायला पाहिजे, कारण ही सवय खूप जुनी आहे आणि चांगले चांगले ड्रायव्हरसुद्धा तिच्यावर भरवसा ठेवतात. टॉमी मारून पूर्ण बसलेला टायर कळतो, बस एवढंच. 110 आणि 90 मधला फरक कानाला कळत नाही, आणि लाथ मारून तर अजिबातच नाही. जोडीच्या चाकात तर डोळ्यालाही कळत नाही कारण आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा त्याचा भार उचलून धरतो आणि गाडी सरळच दिसते. आतल्याचा वॉल्व हाताला लागत नाही, वाकून गेज लावायचा कंटाळा येतो, आणि तोच टायर ब्रेक ड्रमच्या जवळ असतो, त्याला वाराही कमी लागतो. दोघांत 5 पीएसआयच्या वर फरक ठेवू नये, कारण जास्त हवेचा टायर थोडा मोठा राहतो, भार तोच घेतो, आणि कमी हवेचा रस्त्यावर घासत जातो. हवा कमी होऊन दोघांच्या बाजू फुगल्या आणि एकमेकांना टेकल्या तर साईडवॉलच घासून जाते. आतल्याच्या वॉल्वला एक्स्टेंशन (लांब करायची नळी) लावून घ्या, टोपी लोखंडी किंवा पितळी आतून रबर असलेली लावा, गेज अधूनमधून दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून बघा. टायर मॉनिटर (हवेचा आकडा सतत दाखवणारं यंत्र) असेल तर उत्तमच, पण गेज गाडीत पाहिजेच. ट्रेलर तर जास्तच बघा, आज एका गाडीला उद्या दुसऱ्या गाडीला लागतो आणि त्याची हवा कुणी बघायची तेच ठरलेलं नसतं.

मेसेजवाल्यांची एक गोष्ट बरोबर आहे, जास्त हवाही वाईट. रिकाम्या गाडीत पूर्ण हवा असली की टायर उड्या मारतो, ट्रेड मधोमध झिजतो, पकड कमी होते. पण त्यावर इलाज ऋतू बघून अंदाजे कमी करणं हा नाही. एक्सलवर खरोखर किती वजन येतं ते काट्यावर बघा, टायर कंपनीच्या लोड-प्रेशरच्या तक्त्यात त्या वजनाचा आकडा शोधा, आणि रोज लोड बदलत असेल तर सगळ्यात जास्त लोडचाच आकडा ठेवा.

आणि शेवटची ओळ, बसलेल्यात हवा भरून पुढं निघा. असं अजिबात करू नका. कमी हवेवर पळालेल्या टायरच्या साईडवॉलमधल्या तारा आतून तुटत आलेल्या असतात आणि बाहेरून टायर ठीक दिसतो. रिमवरून काढला की आतल्या लायनरवर (रबरी अस्तरावर) गोल घडीचा पट्टा दिसतो, रबराची काळी भुकटी हाताला लागते. अशा टायरमध्ये जोरात हवा भरली की साईडवॉल पँटच्या चेनसारखी फाटत जाते आणि तो स्फोट भरणाऱ्याच्या अंगावर येतो, पंक्चरवाले यात जिवाला मुकलेत. ठरलेल्या हवेपेक्षा 20 टक्क्यांहून जास्त कमी सापडला तर आधी काढायचा, आतून बघायचा, मगच टायर भरायच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब पाइपने आणि क्लिपच्या नोझलने भरायचा, साईडवॉलच्या समोर उभं राहायचं नाही. भरताना फुगा दिसला किंवा तारा तुटल्याचा कटकट आवाज आला तर जवळ न जाता लांबूनच हवा सोडून द्यायची आणि तो टायर कायमचा बाद करायचा.