‘टिळक-आगरकरही मतंच मांडायचे’ म्हणणाऱ्यांना

सांगलीतल्या आमच्या जवळपास सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: टीव्हीवरच्या चर्चांना तमाशा म्हणू नका, टिळक-आगरकरही मतंच मांडायचे. बातमी कुठली आणि मत कुठलं, हे प्रेक्षकाला कळतं. चॅनेलवाले लोकांना हवं तेच दाखवतात. आणि नको असेल तर रिमोट तुमच्याच हातात आहे. मला यातलं काहीच पटत नाही. पहिल्या वाक्याचा तर रागच आला.

आगरकर आमच्या कृष्णाकाठचे, कराडजवळच्या टेंभूचे. १८८१ साली ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. मतं त्यांनी मांडलीच, कडक मांडली, पण अग्रलेखाच्या जागी, वाचकाला ते मत आहे हे कळेल अशी. पुढे कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’त पत्रं छापली गेली आणि ती बनावट निघाली. तेव्हा ‘ते आमचं नुसतं मत होतं’ असं म्हणून टिळक-आगरकर दोघांनी अंग काढून घेतलं नाही. माफी मागितली, तरी शिक्षा झाली, आणि १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आज एकच अँकर, एकाच टेबलामागून, त्याच ‘ब्रेकिंग न्यूज’च्या लाल पट्टीवर बातमी सांगतो, मत ठोकतो आणि पार्श्वसंगीत लावून नाटकही करतो. खोटं निघालं तर यातल्या कशाबद्दल त्याला जाब विचारायचा? त्याच्या बचावाला टेंभूच्या माणसाचं नाव वापरू नये.

‘प्रेक्षकाला फरक कळतो’ हा युक्तिवाद मुळात वकिलांचा आहे. २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत अँकर टकर कार्लसनच्या बोलण्यावरून फॉक्स न्यूज या चॅनेलवर बदनामीचा दावा झाला, तेव्हा वकिलांनी न्यायालयात सांगितलं की त्याचं बोलणं कुणी शब्दशः खरं धरणार नाही. २०२० मध्ये दावा फेटाळला गेला. त्याच वर्षी विरुद्ध राजकीय बाजूच्या एमएसएनबीसी चॅनेलची अँकर रेचल मॅडोही अशाच मुद्द्यावर सुटली. पण ‘हे शब्दशः खरं धरू नका’ अशी पट्टी रोज रात्री पडद्यावर कधी लागत नव्हती. २०२३ मध्ये त्याच फॉक्सला मतदान यंत्रांबद्दलच्या खोट्या दाव्यांपायी डोमिनियन कंपनीशी ७८.७५ कोटी डॉलरला तडजोड करावी लागली. ते दावे खरे मानणारे प्रेक्षक होते, म्हणूनच कंपनीचं नुकसान झालं ना?

लोकांना हवं तेच दाखवतात म्हणे. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बातम्यांच्या चॅनेलचे आकडे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ने जाहीरच केले नाहीत. आकडे नव्हते, तरी आरडाओरडा तसाच चालू राहिला. खरं कारण खर्चाचं आहे. जतसारख्या लांबच्या तालुक्यात बातमीदार आणि कॅमेरा पाठवण्यापेक्षा सहा जणांना चौकटीत बसवून भांडायला लावणं कितीतरी स्वस्त पडतं.

राहिला रिमोट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातलं घर सोडून आम्ही विश्रामबागला मावशीकडे गेलो होतो. आम्हाला दोनच आकडे हवे होते: कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पडद्यावर कंबरभर पाण्यात उभा राहून ओरडणारा बातमीदार होता आणि खाली प्रश्न होता: महापुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार? या प्रश्नासाठी पुढे सरकारने वडनेरे समिती नेमली आणि तिला कित्येक महिने अभ्यास करावा लागला. स्टुडिओत मात्र अर्ध्या तासात निकाल लागला.

त्याच चॅनेलनी त्या महापुरात ब्रह्मनाळ गावाजवळ बुडालेली नाव दाखवली, ती दृश्यं बघून लोक मदतीला धावले, हे मी विसरलेले नाही. ती बातमी होती. तिच्यासाठी कुणीतरी तिथवर गेलं होतं.

त्या रात्री रिमोट माझ्याच हातात होता. चॅनेल बदललं, तर तिथेही अलमट्टी. तिसऱ्यावर एक जण उठून दुसऱ्याच्या अंगावर जात होता. पाणी अजून चढतंय हे शेवटी भाच्याने फोन करून सांगितलं. तो वरच्या मजल्यावर अडकला होता आणि बॅटरीच्या उजेडात जिन्याच्या पायऱ्या मोजत होता.