ताई, शाळा येऊ द्या. फाटक मात्र डीपी रोडला हवं

ताई, तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं, आणि तुमच्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. त्या आधी मनाशी कबूल करायच्या होत्या.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या कॉलनीच्या टोकाला असलेल्या रिकाम्या प्लॉटवर बाराशे लेकरांची शाळा व्हायची आहे. प्लॉटच्या मागून डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता जातो, पण शाळा काढणाऱ्या संस्थेला फाटक तूर्त आमच्या गल्लीत हवंय. त्यावर रहिवाशांच्या काय हरकती आहेत, ते मी मागच्या लेखात मांडलं होतं. ताईंचं म्हणणं असं, की लातूर जगतं शिक्षणावर आणि इथंच स्वतः शिकून बंगले बांधलेली माणसं दुसऱ्यांच्या लेकरांच्या शाळेला नाट लावतात. जपायचं असतं पार्किंग आणि नाव पुढं करतात सुरक्षिततेचं. ताई स्वतः रेणापूर तालुक्यातल्या खेड्यातून रोज चार किलोमीटर चालत हायस्कूलला जायच्या.

पहिली गोष्ट. ‘बाहेरची गर्दी कॉलनीत येईल’ हे वाक्य मी लिहायलाच नको होतं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. मी त्याच शाळेत पत्र्याखाली बसून शिकलो. अकरावीला लातूरला आलो तेव्हा कुणाच्या तरी गल्लीत मीही बाहेरचाच होतो, आणि त्या घरमालकांनी मला खोली दिली म्हणून शिकलो. ते वाक्य काढून टाकलंय आणि काढल्याची नोंद लेखाखाली ठेवलीय. लेकरांच्या आवाजाची हरकतही मी माझ्यापुरती मागं घेतो. शाळेभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला, तर लग्नसराईतल्या डीजेलाच आवर बसेल. ते तर आम्हाला हवंच आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. तुम्ही विचारलंत, गल्ली अरुंद केली कुणी? आम्हीच केली. लेआउटच्या नकाशात ती ९ मीटरची आहे. परवा शेजारच्या पोराला घेऊन टेपनं मोजली. ओटे, गाडी चढवायचे उतार, कुंड्या आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या वजा केल्या तर वळणावर उरले ४ मीटर १० सेंटिमीटर. माझ्या दारातला उतार सव्वा मीटर पुढं आला होता. गुरुवारी गवंडी बोलावून तो फोडला. आणखी दोन घरं तयार झालीत, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

पण ताई, सगळ्यांनी सगळं काढलं आणि पुरे ९ मीटर मोकळे झाले तरी माझी मुख्य हरकत उरतेच. आमची गल्ली पुढं नाल्याला जाऊन बंद होते. आत आलेल्या प्रत्येक गाडीला परत फिरावं लागतं किंवा रिव्हर्स जावं लागतं. गल्लीत आज एक बालवाडी आहे, चाळीसेक लेकरांची. मागच्या आठवड्यात ती सुटायच्या वेळेला मी फाटकात उभा होतो. सहा अ‍ॅटो लागले होते, आणि त्याच वेळी एका घरी पाणी टाकून टँकर मागं मागं येत होता. एका पोराची पाण्याची बाटली हातातून सुटली, घरंगळत टँकरच्या मागच्या चाकापाशी गेली. पोरगं वाकून तिच्यामागं. अ‍ॅटोवाल्या मामांनी त्याचं दप्तर मागून धरून त्याला अक्षरशः उचललं. बाटलीचा चुरा झाला. टँकरवाल्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

ही गत चाळीस लेकरांची. बाराशेतली निम्मी जरी अ‍ॅटोनं आली आणि एका अ‍ॅटोत सहा धरली, तर शंभर अ‍ॅटो होतात, तेही वीस-पंचवीस मिनिटांत, पुढं बंद असलेल्या गल्लीत. शिवाय पाणी. दिवसाच्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. बाराशेंचं झालं ५४ हजार लिटर. नळाला पाणी नसेल त्या दिवशी दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते दिवस तुम्हीही काढलेत. अशा उन्हाळ्यात हे टँकर कुठून आत येणार, याचं उत्तर आत्ताच हवं.

आगीचंही तेच. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ लेकरं गेली. खाली उतरायला अरुंद जिना होता. जिना रुंद आहे का हे नकाशात तपासतील, पण बंब त्या इमारतीपर्यंत पोचतो का, हेही बघायला नको का?

आता प्लॉटची दुसरी बाजू. मागून १८ मीटरचा डीपी रोड जातो. तो अजून कच्चा आहे. सगळी काळी माती, पावसात पाय घोट्यापर्यंत रुततो. म्हणून फाटक तूर्त आमच्या गल्लीत ठेवू, रस्ता झाला की मागं नेऊ, असं संस्थेचं म्हणणं. तात्पुरतं म्हणून पाडलेलं फाटक नंतर कुणी बुजवल्याचं मी तरी पाहिलं नाही. आमची मागणी एवढीच आहे, की डीपी रोडवर आधी मुरूम-खडी पडू द्या, फाटक तिकडं करा आणि मग पहिला वर्ग भरवा. स्कूलबसच्या २०११ च्या नियमांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती सांगितलीय. तीही शाळा भरण्याआधी बसू द्या.

आणि ज्या लेकरांसाठी तुम्ही तळमळून लिहिलंत, त्यांच्याबद्दल. नाल्यापलीकडची वस्ती प्लॉटपासून एक किलोमीटरच्या आत आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी तिथल्या घरांचा अर्ज आधी धरला जाईल. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून वगळायचा नियम राज्यात २०२४ साली आला होता, तो उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला, म्हणजे तो हक्क शाबूत आहे. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. डीपी रोडला नाल्यावर पूल आहे. फाटक तिकडं झालं तर वस्तीतलं लेकरू पाच मिनिटांत चालत शाळेत पोचतं. आमच्या गल्लीत झालं तर त्याला औसा रोडला वळसा घालून, तिथली वाहतूक ओलांडून यावं लागेल.

हे मला मागच्या लेखाच्या वेळी सुचलं नव्हतं. सुचलं नाही, कारण आमच्या आधीच्या दोन्ही बैठकांना वस्तीतलं कुणीच नव्हतं. आम्ही बोलावलंच नव्हतं. ही तिसरी चूक, तुम्ही न दाखवलेली.

या रविवारी सकाळी १० वाजता मारुती मंदिराच्या सभामंडपात पुन्हा बसतोय. काल संध्याकाळी मी स्वतः पूल ओलांडून वस्तीत निरोप देऊन आलो. तिघी-चौघी आया येतो म्हणाल्या. तुम्हीही या ताई, आणि फाटकाच्या मागणीच्या अर्जाचा मसुदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. सोमवारी तो द्यायचा आहे.