बीटल्स म्हणजे नुसतं 'येस्टरडे' नाही हो

आपल्याकडे बीटल्स म्हटलं की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन म्हणायची चार-दोन गोड गाणी, संपला विषय. छान आहेत ती, वाद नाही. पण आज तुम्ही जे हिपहॉप, इलेक्ट्रॉनिक वगैरे ऐकता ना, त्याची मुळं तिथे नाहीत, ती त्यांच्या 'रिव्हॉल्वर' या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. 'टुमॉरो नेव्हर नोज'. जेमतेम ३ मिनिटांचं गाणं.

एप्रिल १९६६, लंडनचा ईएमआय स्टुडिओ, म्हणजे आताचा ॲबी रोड. तिथले टेक्निशियन तेव्हा पांढरे कोट घालून काम करायचे, पॅथॉलॉजी लॅबसारखे. आणि तिथे बँडमधला जॉन लेनन जे गाणं घेऊन आला ते जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडीवर! मध्ये तेवढी बी फ्लॅट कॉर्ड डोकावते आणि परत आपलं सी वर. आपल्याला तानपुऱ्याची सवय म्हणून त्यात काय विशेष वाटत नाही, पण तिकडे पॉप गाणं पुढे सरकायचं ते कॉर्ड बदलूनच, त्यामुळे ही उलटी गंगाच.

वर त्याची फर्माईश काय, तर माझा आवाज दलाई लामा डोंगरावरून मंत्र म्हणतायत असा आला पाहिजे. इंजिनियर जेफ एमरिक, वय वर्षं २०, त्याने तो आवाज ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून काढला, ड्रमर रिंगोच्या बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक पार जवळ नेऊन ठेवला. बँडमधलाच पॉल मॅकार्टनी घरून टेपचे लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत राहणारे टेपचे तुकडे, करून आला. गाण्यात सीगल ओरडल्यासारखं जे ऐकू येतं ते त्याचंच हसणं आहे, स्पीड वाढवलेलं. असे ५ लूप एकाच वेळी वेगवेगळ्या मशीनवर चालू, लोक पेन्सिलीत टेप अडकवून ताणून धरून उभे, आणि इकडे मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायचे फेडर वर-खाली. त्यामुळे तसंच मिक्स पुन्हा करायचं म्हटलं तरी होणार नाही.

आता कोणीतरी येईलच सांगायला की टेपचे प्रयोग पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफरने १९४८ लाच केले होते, जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन होता. होता ना! पण ते ऐकत किती जण होते? बीटल्सनी ते शाळकरी पोरांच्या रेकॉर्ड प्लेयरवर नेऊन ठेवलं, माझ्या लेखी मोठेपणा तो आहे. आणि ऑगस्ट १९६६ मध्ये तर त्यांनी दौरेच बंद केले, 'रिव्हॉल्वर'मधलं एकही गाणं कधी स्टेजवर वाजवलं नाही. स्टेजवर वाजवता आलं पाहिजे ही अटच गेली की गाणं लिहायची पद्धतच बदलते. १९९६ मधलं केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचं 'सेटिंग सन' लावून बघा, ३० वर्षांनी ब्रिटनमध्ये नंबर १ ला गेलेलं, आणि ड्रम ऐकून सांगा कोणाचं पोर आहे ते.

जाता जाता, त्याच 'रिव्हॉल्वर'वर बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'लव्ह यू टू' मध्ये तबला आहे अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव कव्हरवर छापलंय. पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर' या अल्बमवर दिलरुबा, तबला वाजवणाऱ्या भारतीय कलाकारांची नावं मात्र कव्हरवर नाहीत, तिथे नुसता जॉर्ज. बँड कितीही लाडका असला तरी हे मला अजून खटकतं.